मोटार बदलू नका, जाळी बदला

प्रश्न: आठ दुभत्या गाई आहेत. मका आणि ज्वारीचा भरडा घरच्याच 3 एचपीच्या हॅमर मिलवर (फिरत्या हातोड्यांनी दाणा फोडून जाळीतून काढणारं यंत्र) काढतो. यंत्र तापतं, वीजबिल वाढलंय. दुकानदार म्हणतो, 5 एचपीची मोटार आणि 2 मिलिमीटरची जाळी घ्या, बारीक दळलं की दूध वाढतं. घेऊ का?

उत्तर: घेऊ नका, दादा. मोटारही नको आणि 2 मिलिमीटरची जाळी तर मुळीच नको. हा सल्ला गोठ्यागोठ्यात दिला जातोय. त्यात फायदा फक्त मोटार विकणाऱ्याचा आहे.

धान्य फोडायला क्विंटलमागे लागणारी वीज तुम्ही ते किती बारीक करता यावर ठरते. अमेरिकी अभियंता फ्रेड बाँड यांनी 1952 मध्ये खनिज दळण्यासाठी याचा हिशेब मांडला. तो मक्याला लावला तर ढोबळ अंदाज असा येतो: 8 मिलिमीटरचा दाणा 4 पर्यंत आणायला जेवढी वीज लागते, त्याच्या दुपटीहून जास्त तो 2 पर्यंत न्यायला लागते. पीठ करायला निघालात तर चौपटीच्याही पुढे. आणि एवढं करून गाईला काय मिळतं? पिठासारखा खुराक पोटात झपाट्याने आंबतो, रवंथ कमी होतो, आम्लता वाढते आणि डेअरीवर फॅट लागत नाही. दुभत्या जनावराला दाणा तीन-चार तुकड्यांत फुटलेला पुरतो. मक्याला 4 ते 6 मिलिमीटरची जाळी लावा.

यंत्र तापण्याचं कारण बहुतेक ठिकाणी ओला मका असतं. ओलसर दाणा फुटत नाही, चेपला जातो, जाळीची भोकं बुजतात आणि वीज उष्णतेत जाते. ओलावा 12 टक्क्यांच्या आसपास आणा. दाताखाली दाणा कटकन फुटला तर दळा, दबला तर परत उन्हात टाका. पावसाळी हवेत महिन्याचा भरडा एकदम काढू नका. त्याला बुरशी लागते आणि तिचं विष जनावराच्या पोटात जातं. आठवड्यापुरताच काढा.

मग हातोडे बघा. कडा गोल झाल्या असतील तर उलटवून दुसरी कड पुढे घ्या. बदलायचे तर समोरासमोरचे, सारख्या वजनाचे बदला, नाहीतर यंत्र थरथरेल आणि बेअरिंग जाईल. पट्टा सैल नको. हॉपरमध्ये घमेलंभर एकदम ओतू नका, धार एकसारखी ठेवा आणि अँपिअर मोटारीच्या पाटीवरच्या आकड्याच्या वर जाऊ देऊ नका. व्होल्टेज पडलेलं असताना दळायला बसू नका, मोटार जळते ती त्याच वेळी.

माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे: क्विंटलमागे किती युनिट जातात ते लिहा. एक क्विंटल तोलून घ्या, दळण्याआधी आणि नंतर मीटर बघा. जाळी बदलून पुन्हा बघा. पूर्ण भारावर 3 एचपीची मोटार तासाला साधारण पावणेतीन युनिट खाते, 5 एचपीची साडेचार. मोठी मोटार काम लवकर उरकेल, पण तोच बारीकपणा ठेवलात तर क्विंटलमागचे युनिट फारसे घटणार नाहीत. दुकानदाराला हेच विचारा: क्विंटलमागे किती युनिट? आकडा दिला नाही तर पैसे खिशातच ठेवा.

प्रश्न: हळद दळताना पूड गरम होते, रंग उतरतो. फेरे वाढवू का?

उत्तर: नका वाढवू. आधी कांडी जाडसर फोडून घ्या, मग पल्व्हरायझरला, म्हणजे बारीक पूड करणाऱ्या यंत्राला द्या. अख्खी कांडी थेट बारीक जाळीवर घातली की उष्णता वाढते आणि वास देणारं तेल उडून जातं. कांडी मोडताना खणखणीत आवाज आला पाहिजे. धूळ बसावी म्हणून पाणी शिंपडायला कुणी सांगितलं तर ऐकू नका, पूड गोळा होते, टिकत नाही.

प्रश्न: कडबा कुट्टीला अनुदान मिळतं का?

उत्तर: मिळतं. महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर अर्ज, निवड, पूर्वसंमती, मग खरेदी, याच क्रमाने. टक्केवारी तुमच्या प्रवर्गावर आणि जमिनीवर ठरते, सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचे कृषी सहायक) विचारा. "आत्ता घेऊन जा, कागद नंतर बसवू" म्हणणाऱ्याचं ऐकू नका, पूर्वसंमतीआधीचं बिल चालत नाही. आणि शेतीपंपाच्या जोडणीवर कुट्टी किंवा भरडा यंत्र चालवण्याआधी महावितरणच्या शाखेत विचारून घ्या.