ठेच्याची आग मधल्या मधे कुठं जाते?

प्रश्न : यंदा येळवसला आमच्या शेतात मोठी पंगत झाली. भज्जी, उंडे, आंबील आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. धाकट्या दिरानं पैजेवर ठेचा-भाकरी खाल्ली. तोंड पेटलं, नाकाडोळ्यांतून पाणी. अर्ध्या-पाऊण तासात सगळं शांत, दुपारभर पोटाची काही तक्रार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र… पुढचं समजून घ्या. मधल्या वीस-पंचवीस फूट आतड्याला तिखट कळतच नाही का? आत काय आलंय हे त्याला कळतं तरी कसं?
— एक वाचक, ता. औसा, जि. लातूर

उत्तर : समजलं, ताई. अंबाजोगाईत मी वैद्यकीयच्या पोरांना शरीरक्रियाशास्त्र शिकवायचे, तेव्हा हा प्रश्न कुणीतरी विचारायचंच; फक्त मागच्या बाकावरून, दबक्या आवाजात.

आधी मिरचीचं बघू. मिरचीतलं कॅप्सेसिन जिभेला भाजत नाही. जिभेतल्या मज्जातंतूंच्या टोकांवर टीआरपीव्ही-१ नावाचं आयन चॅनेल असतं. पेशीच्या आवरणात बसवलेलं हे प्रथिन म्हणजे सोडियम, कॅल्शियमसारख्या विद्युतभारित कणांची वाट. रानात दारं मोडलं की पाटाचं पाणी सरीत धावतं, तसे हे कण आत धावतात आणि तंतूत विजेचा संदेश उठतो. एरवी हे चॅनेल साधारण ४३ अंश सेल्सियसच्या वर उघडतं, चटका बसतोय हे सांगायला. कॅप्सेसिन तेच चॅनेल गार भाकरीबरोबरही उघडतं, त्यामुळे मेंदूला खरोखरच ‘भाजलं’ असा निरोप जातो. डेव्हिड ज्युलियस यांच्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या गटानं १९९७ मध्ये हे चॅनेल शोधलं, तेही कॅप्सेसिनच वापरून. (कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही. दिराला तांब्याभर पाणी पाजलं असेल तर ते वाया गेलं. दूध किंवा दही द्यायचं.)

आता आतड्याकडे येऊ. त्याच्या आतल्या अस्तरात शंभरातली जेमतेम एक पेशी हेरगिरीच्या कामाची असते. बाकीच्या बहुतेक अन्नरस शोषतात. या मोजक्या पेशींमध्ये एंटेरोक्रोमाफिन नावाच्या पेशी मला सगळ्यात भारी वाटतात. शरीरातलं ९० टक्क्यांहून अधिक सेरोटोनिन, म्हणजे एका पेशीचा निरोप दुसरीला पोचवणारं रसायन, आतड्यात बनतं आणि त्यातलं बहुतेक याच पेशी बनवतात. सेरोटोनिन म्हटलं की लोकांना मेंदू आणि उदासी आठवते, आतडं कुणाला आठवत नाही. २०१७ मध्ये ज्युलियस आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या आतड्याच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून त्यांच्यातली विद्युत हालचाल मोजली. मज्जापेशीसारखेच विजेचे ठोके! या पेशींवर टीआरपीए-१ हे दुसरं चॅनेल असतं. मोहरीतला झणका ते उघडतो. ठेचलेल्या कच्च्या लसणातल्या तिखट द्रव्यानंही हे चॅनेल उघडतं. कॅल्शियम आत आलं की पेशी सेरोटोनिन सोडते आणि शेजारच्या मज्जातंतूला खबर लागते.

झणक्याशिवाय आतड्याला आकारमानही कळावं लागतं. बाजरीच्या उंड्याचा घास पुढे सरकताना भिंतीवर दाब पडतो. याच पेशींमधलं पिएझो-२ हे चॅनेल त्या ताणानंच उघडतं; त्याला कुठलं रसायन लागत नाही. पुन्हा सेरोटोनिन, आणि त्यानुसार आतडं पाझरतं, आकुंचन पावतं, घास पुढे ढकलतं. पिएझो चॅनेल आर्डेम पाटापुटियन यांच्या गटानं २०१० मध्ये शोधली. २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना आणि ज्युलियस यांना मिळून मिळालं. बातम्या उष्णता आणि स्पर्शाच्या आल्या, पोटाचं नाव फारसं निघालं नाही. साखरेचा मार्ग निराळा आहे. तिथे चॅनेल नाही, वाहक प्रथिन आहे. ते ग्लुकोजच्या प्रत्येक रेणूबरोबर सोडियमचे दोन आयन आत ओढतं. जुलाबात मीठ-साखरेचं पाणी देतात ते याच्याच भरवशावर.

म्हणजे तिखट आतड्याला कळतं. कॅप्सेसिन ओळखणारे मज्जातंतूही त्याच्या भिंतीत आहेत. तुमच्या दिराला ते कळलं नाही, एवढंच. आतड्याच्या भिंतीत स्वतःचं मज्जाजाळं असतं आणि बरीच खबर तिथल्या तिथेच निकालात निघते. काही खबर व्हेगस मज्जातंतूनं वर जाते. या तंतूतले सुमारे ८० टक्के धागे पोटाकडून मेंदूकडे निरोप नेणारे आहेत. पण मेंदू त्याचा अर्थ भूक, तृप्ती, मळमळ असा मोघमच लावतो. ‘इथे, या जागी आग होतेय’ असा नेमका पत्ता त्यात नसतो. गुदद्वाराच्या शेवटच्या दोन-तीन सेंटिमीटरला मात्र त्वचेसारखेच मज्जातंतू आहेत, आणि सगळं कॅप्सेसिन काही वाटेत शोषलं जात नाही. उरलेलं तिथे पोचतं, तेच चॅनेल उघडतं, आणि या वेळी पत्ताही बरोबर लागतो.

सगळ्यांचंच पोट असं सोशिक नसतं. आतड्याची दीर्घकाळची कुरबुर म्हणजे आयबीएस असलेल्या रुग्णांच्या बायोप्सीत टीआरपीव्ही-१ असलेले तंतू जास्त आढळले आहेत. अशा माणसाला ‘मनाचे खेळ आहेत’ म्हणून ठेचा वाढू नका. पैज तर लावूच नका.

प्रश्न : उलटी थांबायला ओंडान्सेट्रॉनची गोळी दिली होती. उलटी थांबली, पण दोन दिवस पोट साफ नाही. गोळीचा संबंध असेल का?
— एक विद्यार्थी, परभणी

उत्तर : असू शकतो. वरचं उत्तर वाचलं असेल तर निम्मं काम झालं. सेरोटोनिन मज्जातंतूवरच्या ज्या जागी बसतं, त्यातली ५-एचटी-३ ही जागा स्वतःच एक आयन चॅनेल आहे. विषारी अन्नानं किंवा केमोथेरपीनं आतड्यातल्या पेशी भरमसाट सेरोटोनिन सोडतात, हे चॅनेल उघडतं, व्हेगसमार्गे निरोप जातो आणि उलटी होते. ओंडान्सेट्रॉन ते चॅनेल अडवतं. पण आतड्याची रोजची हालचालही त्याच निरोपावर चालते, म्हणून तीही मंदावते. गोळी थांबली की बहुधा आपोआप सुरळीत होतं. तोवर पाणी भरपूर प्या. पोट फुगलं, दुखू लागलं किंवा वाराही सरकेनासा झाला, तर वाट न बघता डॉक्टरांकडे जा. आणि घरात कुणाला हृदयाच्या ठोक्यांची तक्रार असेल, तर उरलेली पट्टी त्यांना परस्पर देऊ नका. हे औषध हृदयातल्या पोटॅशियम चॅनेललाही थोडं अडवतं.