टावी करण्याआधी इकोचे आकडे जुळवून पाहा

प्रश्न : आईचं वय ८१. जिना चढताना धाप लागते, एकदा चक्कर येऊन पडली. इकोत महाधमनीच्या झडपेचं क्षेत्रफळ ०.८ चौरस सेंटिमीटर, सरासरी ग्रेडियंट (झडपेच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक) ३२, ईएफ (दर ठोक्याला हृदय बाहेर टाकतं तो रक्ताचा वाटा) ३५ टक्के. किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनीन १.८. छाती उघडून ऑपरेशन झेपणार नाही, म्हणून टावी (धमनीतून नळी घालून नवी झडप बसवणं) सुचवली आहे. करावी का?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : आधी एक पेच सोडवायला हवा. क्षेत्रफळ १ पेक्षा कमी, म्हणजे झडप अरुंद होण्याचा आजार तीव्र. पण तीव्र आजारात ग्रेडियंट सहसा ४० किंवा त्याहून जास्त भरतो. आईंचं हृदय अशक्त असल्यामुळे तो कमी दिसत असेल. किंवा झडप मध्यमच अरुंद असेल आणि अशक्त हृदयाला ती पुरती उघडता येत नसेल. तसं असेल तर मूळ दुखणं स्नायूचं. नुसती झडप बदलून फारसं हाती लागत नाही.

याचा उलगडा डोब्युटामिन इकोने होतो. औषधाने हृदयाचा जोर वाढवल्यावर ग्रेडियंट ४० वर गेला आणि क्षेत्रफळ १ च्या आतच राहिलं, तर दोष झडपेचाच. जोर वाढलाच नाही, तर सीटीवर झडपेतलं कॅल्शियम मोजतात. स्त्रियांमध्ये स्कोअर १२०० च्या वर असेल तर आजार बहुधा तीव्रच. या सीटीला डाय (शिरेतून देतात ते, किडनीवर ताण आणू शकणारं द्रव्य) लागत नाही, म्हणून आईंच्या किडनीचा विचार करता आम्ही ती आधीच करून घ्या म्हणू.

टावीचं नियोजन करणाऱ्या सीटीला मात्र डाय लागतो. तो कमीत कमी वापरायला सांगा. वेदनाशामक गोळ्या आणि मेटफॉर्मिन चालू असतील तर ते आधी कळवा. त्या सीटीत झडपेच्या कड्याचं माप, जांघेतल्या धमनीची रुंदी (साधारण साडेपाच मिलिमीटर तरी हवी) आणि कोरोनरीच्या (हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमनीच्या) तोंडाची उंची पाहतात. ही उंची १० मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर नव्या झडपेने ढकलली गेलेली जुन्या झडपेची पाकळी ते तोंड बंद करू शकते. ईसीजीत उजवा बंडल ब्रांच ब्लॉक (हृदयातल्या विद्युत संदेशाच्या उजव्या वाटेतला अडथळा) असेल तर नंतर पेसमेकर लागण्याची शक्यता बरीच वाढते. हे आधीच विचारा, खर्चाचा अंदाज त्यावरही अवलंबून आहे.

२०१० च्या पार्टनर या टावीच्या चाचणीत ऑपरेशन न झेपणाऱ्या रुग्णांपैकी वर्षभरात नेहमीच्या उपचारांवरचे सुमारे ५१ टक्के दगावले, टावी झालेले ३१ टक्के. फायदा मोठा आहे, पण टावीनंतरही दहातले तीन गेले, हे विसरू नका. म्हणून आईंची ताकद पाहायलाच हवी. घरात नेहमीच्या चालीने ५ मीटर चालायला ६ सेकंदांहून जास्त लागत असतील, तर डॉक्टरांना सांगा. चालताना कुणीतरी शेजारी राहा.

चक्कर येऊन पडल्या आहेत, तेव्हा या तपासण्या लांबवू नका.