कांदा सोडला, पण बरणीतल्या चटणीचं काय?

प्रश्न : मी बेळगावात वडगाव भागात राहते. वय 38. घरी दोन माग आहेत, त्यामुळं दिवसभर पायावर उभी असते. दिवाळीपासून जेवलं की पोट गच्च होतं, गुरगुरतं. कधी कळ येऊन तीनदा जावं लागतं, कधी दोन दिवस पोट साफ होत नाही. सासूबाई म्हणाल्या, वातूळ बंद कर. म्हणून वांगं, बटाटा सोडला. मग कांदा-लसूण सोडला, मग दूध, मग डाळ. महिना झाला चपातीही बंद आहे. आता दोन्ही वेळा भात, ताक आणि तोंडाला चव म्हणून थोडी चटणी. वजन पाच किलो उतरलं, पोट मात्र तसंच. एका लॅबमध्ये रक्त तपासून नव्वद पदार्थांपैकी काय सोसत नाही याची यादी देतात म्हणे. ती तपासणी करू का? वैशाखात खानापूरला भाचीचं लग्न आहे, तिथं काय खाऊ? (नाव छापू नये.)

उत्तर : ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा ‘थोडी चटणी’ या शब्दांवर थांबले. माझं माहेर येळ्ळूरचं. उन्हाळ्यात आई वर्षाची चटणी करायची, तेव्हा अंगणात एका बाजूला संकेश्वरी आणि ब्याडगी मिरची वाळत असायची, दुसऱ्या बाजूला चिरलेला कांदा. मग खोबरं, धणे, तीळ भाजायचे, कांदा तेलात लाल होईपर्यंत तळायचा, लसणीच्या पाकळ्या सूपभर सोलायच्या आणि सगळं एकत्र कुटायचं. तुमच्या घरची चटणीही बहुधा अशीच असणार. म्हणजे चिरायचा कांदा तुम्ही सोडलात, पण बरणीतला कांदा-लसूण रोज दोन्ही वेळा पोटात जातो आहे. तोही वाळवलेला, म्हणजे पाणी उडून गेलेला आणि बाकी सगळं दाट झालेला.

कांदा, लसूण आणि गहू यांत फ्रुक्टन नावाची साखरेच्या साखळीसारखी एक गोष्ट असते. ती तोडण्याचं पाचकद्रव्य माणसाच्या लहान आतड्यात नसतं, तुमच्याही नाही आणि माझ्याही नाही. ती तशीच मोठ्या आतड्यात उतरते, तिथले जंतू ती आंबवतात आणि वायू तयार होतो. तूरडाळ, हरभरा, चवळी यांतल्या साखरांचंही असंच. दुधातली साखर पचवणारं पाचकद्रव्य लहानपणी भरपूर असतं, मोठेपणी पुष्कळांचं कमी होतं. असा वायू सगळ्यांनाच होतो. ज्यांचं आतडं हळवं असतं, त्यांना त्याचा ताण कळ म्हणून जाणवतो. मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठातल्या संशोधकांनी 2005 च्या सुमारास अशा आंबणाऱ्या साखरांना एकत्र ‘फॉडमॅप’ हे नाव दिलं. आता पोटाचे डॉक्टर जे ‘एलिमिनेशन डाएट’ सांगतात, म्हणजे संशयित पदार्थ काही आठवडे बंद करून मग एकेक परत आणून बघायचं पथ्य, ते बहुतेक त्याच धर्तीचं असतं.

आता तुमचं ताट बघा. वांगं आणि बटाटा या दोघांत या साखरा फारशा नाहीत. वातूळ म्हणून पहिल्यांदा ज्यांना बाहेर काढलं, तेच बहुधा निर्दोष. ज्वारीची भाकरीही या बाबतीत गव्हापेक्षा खूप सौम्य आहे. पत्रात भाकरीचा उल्लेखच नाही. चपातीबरोबर तीही सोडली असेल तर आजच परत सुरू करा. आणि ताक? विरजताना जंतू दुधातली थोडी साखर खातात, सगळी नाही. दोन्ही वेळा पेलाभर ताक म्हणजे दूध पूर्ण सुटलेलं नाही. खरे संशयित ताटातच बसून आहेत आणि बाकीचे घराबाहेर उभे आहेत. तुमची यात काही चूक नाही. आपण सगळेच शेवटी जे खाल्लं त्यालाच धरतो. पण जेवण मोठ्या आतड्यापर्यंत पोचायला साधारण चार ते सहा तास लागतात. दुपारी चारला पोट फुगलं तर दोनच्या भातावर आळ येतो, आणि सकाळी नाश्त्याला काय खाल्लं होतं ते कुणाच्या ध्यानातही नसतं.

पण पथ्याला हात लावण्याआधी डॉक्टरांकडे जा. पाच किलो वजन कमी खाण्यानंच उतरलं असेल असं मलाही वाटतं, तरी ते गृहीत धरायचं नाही. हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि सीलिअॅक आजाराची रक्ततपासणी, एवढं तरी विचारून करून घ्या. सीलिअॅकमध्ये गव्हातल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनामुळं आतड्याचं अस्तर खराब होतं. तो जन्मभराचा आजार आहे आणि त्याचं पथ्य फार कडक असतं. मात्र गहू खाणं चालू असेल तरच ही तपासणी भरवशाची. माझ्या कामाच्या सुरुवातीच्या काळात मी एका कॉलेजच्या मुलीचा गहू तपासणीआधीच बंद केला होता. तिला बरं वाटलं, मलाही आनंद झाला. नंतर तिच्या डॉक्टरांनी तपासणी सांगितली आणि तेवढ्यासाठी त्या पोरीला पुन्हा रोज चपाती खाऊन तोच त्रास काढावा लागला. तिची आई माझ्यासमोर गप्प बसून होती, ते मी विसरलेली नाही. तुमचा गहू महिनाभर बंद आहे. डॉक्टर तुम्हाला तपासणीआधी साधारण सहा आठवडे रोज गहू खायला सांगतील. तेव्हा पोट फुगलं तर घाबरू नका, वहीत लिहून ठेवा.

नव्वद पदार्थांची यादी देणारी ती तपासणी मात्र करू नका. त्यात बहुधा रक्तातल्या आयजीजी प्रतिपिंडांचं माप असतं, आणि ती प्रतिपिंडं आपण जे नेहमी खातो त्याचीच दिसतात. ती खाल्ल्याची खूण आहे, न सोसल्याची नव्हे. भात खाणाऱ्याच्या यादीत भात निघणारच. तेवढ्या पैशात दोन महिन्यांची भाजी येईल.

लग्नाचं गणित यातच सुटतं. आता फाल्गुन चालू आहे. सहा आठवडे गहू, मग तपासणी, तोवर वैशाख येतोच. लग्नात पंगतीला सगळ्यांबरोबर बसा, कुंदाही खा, फक्त वाटीभर नको, दोन चमचे. त्यात आटवलेलं दूध असतं, म्हणजे दुधाची साखर दाटलेली. ज्यांना दूध सोसत नाही त्यांनाही जेवणाबरोबर पेलाभर दुधाइतकी, म्हणजे साधारण 12 ग्रॅम दुधाची साखर बहुतेक वेळा चालून जाते. पथ्य सुरू करायचं ते ज्येष्ठात, घरी पाहुणे नसताना. आणि एक गोष्ट आत्ताच करून ठेवा. यंदाची चटणी कुटून आणाल तेव्हा एक छोटी बरणी कांदा-लसूण न घालता वेगळी काढा. मिरची, धणे, जिरं, खोबरं, तीळ, मीठ, बस्स. तिखटपणा नेहमीइतकाच ठेवा. तिखटानंही काहींच्या पोटात कळ येते, आणि दोन गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशाचा ते कळत नाही.

ज्येष्ठात तपासण्या नीट आल्या की तीन ते चार आठवडे कांदा, लसूण, गहू, कडधान्यं, दूध-ताक, फ्लॉवर आणि आंबा बंद. आंब्याचं वाईट वाटतं मलाही, पण पिकल्या आंब्यात फ्रुक्टोज, म्हणजे फळातली साखर, जास्त असते. खायला काय उरतं? भरपूर उरतं. भात, भाकरी, नाचणी, पोहे, वांगं, बटाटा, भेंडी, काकडी, गाजर, अंडी, मासे, चिकन, लसूण न घातलेली शेंगदाण्याची चटणी, तूप. वाटीभर पातळ मुगाच्या डाळीची आमटीही बहुतेकांना सोसते. चहात दोन चमचे दूध चालेल. लसणीची चव हवी असेल तर तेलात पाकळ्या तांबूस करून काढून टाका आणि त्या तेलात भाजी घाला. फ्रुक्टन पाण्यात उतरतं, तेलात नाही. म्हणूनच आमटीत लसूण उकळून नंतर वेचून काढला तर उपयोग नाही. हे तेल त्या त्या वेळी ताजं करा, बाटलीत भरून ठेवू नका. कांद्याच्या पातीचा हिरवा भाग चालतो, पांढरा नाही.

घरात याला वेळ लागेल हे मला माहीत आहे. सगळ्यांची आमटी एका पातेल्यात होते आणि तुमच्यासाठी वेगळं करायला तुम्हालाच संकोच वाटतो. वाटू देऊ नका. फोडणीआधी तुमच्या वाटीपुरतं बाजूला काढायला दोन मिनिटं लागतात. माग बिघडला तर घरातले सगळे थांबतात ना, मग तुमच्या पोटासाठी महिनाभर थांबायला काय हरकत आहे?

वहीत रोज चार गोष्टी लिहा : काय खाल्लं आणि किती वाजता, पोटाला काय झालं आणि किती वाजता, शौच कशी झाली, आणि झोप किंवा पाळी. पाळीच्या आधी पुष्कळ बायकांचं पोट तसंही बिघडतं, त्याचा आळ कांद्यावर नको. चार आठवड्यांत काहीच फरक पडला नाही तर हे पथ्य तुमच्यासाठी नाही. सोडून द्या आणि डॉक्टरांना तसं सांगा. आणखी पदार्थ कमी करत जाऊ नका.

फरक पडला तर खरं काम पुढंच आहे, आणि नेमकं तेच बहुतेक जण टाळतात. बरं वाटतंय तर कशाला छेडायचं, असं म्हणून वर्षभर तसंच खातात. अशानं आतड्यातले चांगले जंतू उपाशी राहतात, कॅल्शियम, प्रथिनं, चोथा कमी पडतो आणि माणूस पंगतीला बसायला भितो. म्हणून एकेक पदार्थ परत आणायचा, एकावेळी एकच. दुधापासून सुरुवात करू. पहिल्या दिवशी अर्धा कप, दुसऱ्या दिवशी एक, तिसऱ्या दिवशी दीड. त्रास झाला तर तिथंच थांबा, किती मापाला झाला ते लिहा. मग तीन दिवस पुन्हा पथ्याचं जेवण, पोट शांत झालं की पुढचा पदार्थ. चपाती एक, दोन, तीन. शिजवलेला कांदा एक चमचा, दोन चमचे, अर्धा कांदा. लसूण अर्धी पाकळी, एक, दोन. तूरडाळीची आमटी अर्धी वाटी, एक, दीड. गहू, कांदा, लसूण तिघांत फ्रुक्टनच असलं तरी वेगवेगळे तपासा, कारण खाण्यात येणारं प्रत्येकाचं माप वेगळं. दोन चपात्या बिनतक्रार आणि लसणीच्या एका पाकळीला कळ, असंही होतं. एखादा पदार्थ पास झाला तरी सगळ्यांची चाचणी संपेपर्यंत रोजच्या ताटात घालू नका, नाहीतर हिशेब चुकतो. हे सगळं दीड-दोन महिने चालेल. बहुतेकांच्या बाबतीत एखाद-दुसराच गट खोडसाळ निघतो, तोही ठरावीक मापापलीकडं.

लसणीची पाळी आली की तिन्ही दिवसांचं पान मला लिहून पाठवा. तुमची जुनी चटणीची बरणी तोवर टाकू नका.

प्रश्न : वय 54, निपाणी. गेल्या दोन महिन्यांपासून पातळ होतंय, रात्री झोपेतून उठावं लागतं, दोनदा रक्तही दिसलं. मूळव्याध असेल असं मित्र म्हणतात. दूध सोडू की गहू, पहिल्यांदा काय सोडून बघू?

उत्तर : दादा, काहीही सोडू नका. तुमच्या वयात नव्यानं सुरू झालेला त्रास, झोपमोड करणारी शौच आणि रक्त, यांतली एकेक गोष्टसुद्धा तपासून घेण्याजोगी असते. मूळव्याध असेलही, पण ते मित्रानं नाही, डॉक्टरांनी तपासून सांगायचं. दुर्बिणीची तपासणी सुचवली तर घाबरून पुढं ढकलू नका. घरात कुणाला मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला असेल तर तेही आपणहून सांगा. हा अंक हातात पडेल त्याच आठवड्यात जा.