टकटक करणारा जुना टीव्ही आणि दुसऱ्यांदा पैसे मागणारा मेकॅनिक

तुमची तक्रार थोडक्यात अशी: वडिलांचा 21 इंची पिक्चर ट्यूबचा टीव्ही. चालू केला की आत टक-टक वाजतं, लाल दिवा लुकलुकतो, चित्र येत नाही. तालुक्याच्या मेकॅनिकने तीन आठवडे ठेवून घेतला, ट्रान्झिस्टर बदलल्याचे 450 रुपये घेतले आणि घरी आणल्यावर चौथ्या दिवशी पुन्हा टक-टक. आता तो म्हणतो एलओटी गेलाय, आणखी पैसे लागतील. तो फसवतोय का, असं तुम्ही विचारलंय.

मी 1990 पासून चिपळूणला हेच काम करतोय. त्या माणसाला मी ओळखत नाही, पण तुम्ही लिहिलेल्या लक्षणांवरून मला तरी यात फसवणूक दिसत नाही. का ते सांगतो.

एलओटी म्हणजे लाइन आउटपुट ट्रान्सफॉर्मर. लाइनचा, म्हणजे पडद्यावरच्या आडव्या रेघा काढणाऱ्या भागाचा, ट्रान्झिस्टर सेकंदाला 15,625 वेळा चालू-बंद होतो आणि त्याच्या जोरावर एलओटी रंगीत ट्यूबला वीस-पंचवीस हजार व्होल्ट पुरवतो. वर्षानुवर्षं तापून त्याच्या आतल्या वाइंडिंगचं इन्शुलेशन कुठेतरी मरतं, दोन वेढे एकमेकांना चिकटतात, सगळा भार ट्रान्झिस्टरवर येतो आणि तो शॉर्ट होतो. पुढे शॉर्ट आहे म्हटल्यावर टीव्हीचा पॉवर सप्लाय स्वतःला बंद करतो, पुन्हा उठायला बघतो, पुन्हा बंद होतो. तुमची टक-टक ती हीच.

आता मेकॅनिकच्या जागी उभं राहून बघा. शॉर्ट झालेला ट्रान्झिस्टर साध्या मीटरवर लगेच सापडतो. एलओटी सापडत नाही, कारण त्याच्या मुख्य वाइंडिंगचा रेझिस्टन्सच इतका कमी, की दोन वेढे चिकटले तरी काटा होता तिथेच थांबतो. नवा ट्रान्झिस्टर घातला की टीव्ही सुरू होतो, दुकानात दोन दिवस छान चालतो. घरी रोज चार-पाच तास तापला की दुखावलेला एलओटी पुन्हा ट्रान्झिस्टर घेऊन जातो. आमच्याकडे असा दुसऱ्यांदा गेलेला ट्रान्झिस्टर बहुतेक वेळा आमच्याच खिशातून जातो. त्यात बाजारात नकली बीयू 508 (हा लाइनच्या ट्रान्झिस्टरचा नंबर) इतके आलेत की टीव्ही दहा मिनिटांत बंद पडला तर दोष एलओटीचा की ट्रान्झिस्टरचा, तेही कळत नाही. मी नवा माल आणला की आधी हातात घेऊन जुन्या अस्सल ट्रान्झिस्टरशी वजन ताडून बघतो. हलका लागला तर वापरत नाही.

आणि एलओटी मिळायला वेळ का लागतो? प्रत्येक कंपनीच्या, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलच्या एलओटीच्या पिना वेगळ्या. नंबर जुळलाच पाहिजे. पूर्वी मी मुंबईच्या एसटीच्या ड्रायव्हरकडे चिठ्ठी द्यायचो, लॅमिंग्टन रोडच्या दुकानातून चौथ्या दिवशी पार्ट यायचा. आता तिथेही जुने नंबर संपलेत. भंगारातल्या तीन टीव्हींतून एक जुळणारा एलओटी निघतो, तोही किती वर्षं वापरलेला ते कुणास ठाऊक.

लोकांना वाटतं आम्ही पार्ट विकतो. या धंद्यात खरा वेळ जातो तो शोधण्यात, आणि शोधल्याचे पैसे मागितले की माणूस नाराज होतो.

एक उदाहरण सांगतो. घाटाच्या पायथ्याच्या एका गावातून एका मावशींचा टीव्ही आला होता. तासाभराने आपोआप बंद पडायचा. दुकानात मी तो दोन दिवस सलग चालवला, एकदाही बंद पडला नाही. परत दिला, त्याच संध्याकाळी बंद. पुन्हा आणला, पुन्हा दुकानात ठणठणीत. तिसऱ्या वेळी मी एसटीने त्यांच्या घरी गेलो. टीव्ही कोनाड्यात भिंतीला टेकून, वर विणलेलं जाड कव्हर. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. दुकानात मी मागचं झाकण काढून चालवत होतो, म्हणून आतलं काही तापतच नव्हतं. झाकण लावून, कव्हर घालून तासभर चालवला, बंद पडल्याबरोबर उघडला आणि भिंग घेऊन बोर्ड बघितला. लाइन ड्रायव्हरच्या ट्रान्सफॉर्मरच्या एका पायाभोवती केसाएवढी काळी गोल रेघ होती. ड्राय सोल्डर, म्हणजे सोल्डरचा सुटत आलेला डाग. तापलं की तो पाय सुटायचा, थंड झालं की पुन्हा टेकायचा. दोन डाग मारले, काम झालं. मुलगा म्हणाला, "नुसता डाग मारलात, त्याचे दीडशे?" मावशींनी मात्र पैसे दिले आणि वर दोन नारळ दिले. तो टीव्ही पुढे सहा वर्षं चालला.

कोकणातला पाऊस ही आणखी वेगळी परीक्षा. जुलैत रात्री टीव्ही सुरू केला की ट्यूबवरच्या रबरी टोपीभोवती सुंसुं आवाज, अंधारात निळसर ठिणगी आणि एक तिखट वास. ओल आणि धूळ मिळून हाय व्होल्टेजला वाट करून देतात. टोपी काढून स्पिरिटने पुसायचं, पूर्ण वाळवायचं. पण त्याआधी ट्यूब डिस्चार्ज करायची, कारण प्लग काढल्यावरही ती चार्ज धरून ठेवते. माझ्या उस्तादांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, चालू सेटमध्ये काम करताना डावा हात खिशात. तो नियम मी आजही पाळतो. घरी कुणी हौसेने मागचं झाकण उघडत असेल तर कृपा करून उघडू देऊ नका. बऱ्याच जुन्या सेटच्या चॅसिसलाच थेट मेनचा करंट असतो.

मग गणपती. चाकरमानी मुंबईहून घरातला जुना टीव्ही गावाला आणायचे. मुंबईत व्यवस्थित चालणारा सेट गावात संध्याकाळी 150-160 व्होल्टवर यायचा. ब्लॅक अँड व्हाइटमध्ये चित्र चारी बाजूंनी आत ओढलं जायचं, रंगीत सेट उठायचाच नाही. चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात दुकानात पाय ठेवायला जागा नसायची आणि प्रत्येकाला आरतीच्या आत हवा असायचा. निम्म्या सेटमध्ये बिघाडच नसायचा, स्टॅबिलायझर लावला की चालायचे.

26 जुलै 2005 च्या पुरानंतर महिनाभर मी दुसरं काही केलं नाही. चिखलाने भरलेले सेट. बोर्ड स्वच्छ पाण्याने धुवायचा, ब्रश मारायचा, ऊन पडेल तेव्हा उन्हात, नाहीतर बल्बच्या उबेवर कित्येक दिवस वाळवायचा. ट्यूब सीलबंद, तिला काही होत नाही, पण योकच्या, म्हणजे ट्यूबच्या मानेवरच्या कॉइलच्या, तारांत आणि एलओटीत मुरलेली ओल लवकर जात नाही. घाईने चालू केलेले सेट जळाले. संसार वाहून गेलेल्या माणसाला "अजून आठ दिवस थांबा" हे सांगणं फार जड जायचं. 2021 च्या पुरात आले ते बहुतेक एलईडी, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना मी पहिल्याच दिवशी नाही म्हणून सांगितलं. पॅनेलमध्ये पाणी शिरलं की माझ्या हातात काही राहत नाही.

आता तुमच्या टीव्हीचं. आधी एक आठवा: बंद पडण्यापूर्वी चित्र कसं होतं? सुरू केल्यावर दहा मिनिटं अंधुक, रंग ओघळल्यासारखे, पांढऱ्या भागावर चंदेरी झाक, असं असेल तर ट्यूब कमजोर झालीय. मग एलओटीवर एक रुपया घालू नका. ट्यूबच्या हीटरचं, म्हणजे आतल्या तापणाऱ्या तारेचं, व्होल्टेज थोडं वाढवून काही महिने काढता येतात, पण नवी ट्यूब मिळणार नाही. चित्र लख्ख असेल तर दुरुस्ती जरूर करा.

मेकॅनिकला तीन गोष्टी विचारा, भांडणाच्या सुरात नको. एलओटीचा नंबर जुन्याशी जुळतोय का. ट्रान्झिस्टरच्या कलेक्टर नावाच्या पायाजवळचा हाय व्होल्टेजचा कपॅसिटर बदलणार का, कारण त्याची क्षमता उतरली असेल तर नवा एलओटीही टिकणार नाही. आणि पहिल्यांदा चालू करताना फ्यूजच्या जागी 100 वॅटचा सिरीज बल्ब लावणार का. शॉर्ट राहिला असेल तर बल्ब भगभगीत पेटतो आणि ट्रान्झिस्टर वाचतो. जो मेकॅनिक या प्रश्नांची सरळ उत्तरं देईल त्याच्याकडे सेट निर्धास्त ठेवा. मजुरी पुन्हा मागितली तर निम्म्यावर बोला, पण पार्टचे पूर्ण द्या. झाकण लावून, तुमच्या घरी चालतो तितके तास दुकानात चालवून मगच ताब्यात घ्या.

आणि दुरुस्ती नकोच असं ठरलं तर सेट भंगारवाल्याला फोडायला देऊ नका. त्याला योकचं तांबं हवं असतं आणि तो ट्यूबची मान तोडतो. त्या काचेत शिसं असतं. ट्यूबसकट अख्खा सेट एखाद्या जुन्या मेकॅनिकला देऊन टाका. त्यातला ट्यूनर किंवा एलओटी आणखी कुणाच्या तरी टीव्हीला लागेल. चिपळूणकडे येणं झालं तर माझ्याकडे आणा, मी ठेवून घेईन.