बदाम हृदयाला चांगले, हे कधी आणि कसं सिद्ध झालं? रोज किती खावेत, कॅलरीचं काय?

बदामाने रक्तातलं एलडीएल, म्हणजे वाईट समजलं जाणारं कोलेस्टेरॉल, थोडं कमी होतं. एवढं आज खात्रीने सांगता येतं. वजन आणि स्मरणशक्तीबद्दलचे दावे तितके भक्कम नाहीत. यातला कुठलाही अभ्यास हाती आला की मी सगळ्यात आधी एकच गोष्ट बघतो : बदाम कशाच्या जागी खायला दिले होते?

सुरुवातीच्या संशोधकांना हृदयाची फिकीर नव्हतीच. 1900 नंतरच्या दोनतीन वर्षांत कॅलिफोर्निया विद्यापीठात मायर जॅफा यांनी फक्त फळं आणि कवचफळं (बदाम, अक्रोड असा कठीण कवचाचा सुकामेवा) खाणाऱ्या माणसांच्या आहाराची मोजमापं घेतली, ती एवढ्यावर शरीराचं पोषण होतं का हे पाहायला. पुढे स्निग्ध पदार्थ कमी खा असा सल्ला रूढ झाला. बदामात निम्मं वजन स्निग्धांशाचं, त्यामुळे तो संशयितांच्या यादीत गेला.

चित्र पालटलं 1992 साली. कॅलिफोर्नियातल्या सुमारे 31 हजार अ‍ॅडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या लोकांच्या पाहणीत दिसलं, की आठवड्यात चारपेक्षा जास्त वेळा कवचफळं खाणाऱ्यांना हृदयविकाराचा धोका जवळपास निम्मा होता. पण ही माणसं सहसा धूम्रपान न करणारी, बरीचशी शाकाहारी, आणि त्यांच्या खाण्यात बदामाबरोबर शेंगदाणे, अक्रोडही होते. अशा पाहणीतून संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही. त्याच वर्षी जीन स्पिलर यांनी 26 जणांना नऊ आठवडे रोज 100 ग्रॅम बदाम दिले आणि एलडीएल उतरलं. मात्र त्याच काळात त्यांचं मांस, अंडी आणि जास्त स्निग्धांशाचे दुधाचे पदार्थही कमी केले होते. मग श्रेय बदामाला किती द्यायचं?

या शंकेचं नीट उत्तर 2002 मध्ये टोरांटोच्या डेव्हिड जेन्किन्स यांच्या चाचणीने दिलं. कोलेस्टेरॉल वाढलेल्या 27 जणांनी एकेक महिना तीन वेगवेगळे आहार घेतले : सरासरी 73 ग्रॅम बदाम, 37 ग्रॅम बदाम अधिक मफिन, आणि तेवढ्याच कॅलरीचे नुसते मफिन. पूर्ण मात्रेला एलडीएल 9.4 टक्के घटलं, निम्म्या मात्रेला 4.4 टक्के. मात्रा निम्मी केल्यावर परिणामही निम्मा होतो, हा पुरावा मला सगळ्यात वजनदार वाटतो. 2003 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने बदामासह काही कवचफळांच्या वेष्टनावर, रोज 42.5 ग्रॅमने हृदयविकाराचा धोका कमी होऊ शकतो, असं छापायला परवानगी दिली. पण पुरावा तसं सुचवतो, सिद्ध करत नाही, हे शब्दही छापायची अट घातली. वेगवेगळ्या चाचण्या एकत्र केल्या की एलडीएलमधली सरासरी घट डेसिलिटरमागे साधारण 5 मिलिग्रॅम निघते. कोलेस्टेरॉलच्या गोळ्या बंद करण्याइतकी ती नक्कीच नाही.

बदामाच्या बाजूने भूमध्यसागरी आहार तपासणाऱ्या स्पेनच्या 2013 च्या प्रेडिमेड चाचणीचा दाखला नेहमी दिला जातो. तिथल्या एका गटाला रोज 30 ग्रॅम कवचफळं मिळत, त्यात बदाम होते फक्त साडेसात ग्रॅम. शिवाय काही केंद्रांवर गट पाडण्यात चुका झाल्याने तो शोधनिबंध 2018 मध्ये मागे घेऊन, विश्लेषण पुन्हा करून छापावा लागला. निष्कर्ष बराचसा टिकला, पण तो एकट्या बदामाच्या खात्यावर जमा करता येत नाही.

कॅलरीचा भाग मात्र खरोखर विलक्षण आहे. वेष्टनावरचा आकडा अ‍ॅटवॉटर पद्धतीने काढतात : प्रथिनं आणि कर्बोदकं ग्रॅमला 4, स्निग्धांश 9 किलोकॅलरी. यात अन्न जवळपास पूर्ण पचतं असं गृहीत असतं. बदामाचं तेल पेशींमध्ये, पेशीभित्तिकांच्या आत बंद असतं. चावताना जिथे तुकडा तुटतो तिथल्याच पेशी फुटतात. बाकीच्यांमधलं बरंच तेल न शोषता शौचावाटे जातं. अमेरिकी कृषी खात्याच्या जॅनेट नोव्होटनी, डेव्हिड बेअर आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये 18 जणांना 0, 42 आणि 84 ग्रॅम बदामाचे आहार 18-18 दिवस दिले आणि अन्न, मल, मूत्र या सगळ्यांतली ऊर्जा मोजली. 28 ग्रॅम बदामातून शरीराला मिळाल्या 129 किलोकॅलरी. वेष्टनाच्या हिशेबाने त्या 170 च्या आसपास असतात. 2016 मध्ये त्याच संशोधकांनी बदामाची रूपं बदलून पाहिली : अख्खे कच्चे बदाम ग्रॅमला 4.42 किलोकॅलरी, अख्खे भाजलेले 4.86, भाजून चिरलेले 5.04 आणि बदामाचं लोणी 6.53. दळताना पेशी फुटतात, म्हणून लोण्याला ही सूट नाही. आणि हे आकडे सरासरीचे आहेत, बारीक चावणाऱ्याला जास्त कॅलरी मिळणार.

तरी बदामाने वजन उतरतं असं समजू नका. 2012 मध्येच वजन कमी करू पाहणाऱ्या 123 जणांची 18 महिन्यांची चाचणी प्रसिद्ध झाली, त्यात एका गटाच्या आहारात बदाम होते, दुसऱ्याच्या नव्हते. सहा महिन्यांनी कवचफळं न खाणाऱ्यांचं वजन जास्त घटलं होतं, शेवटी दोन्ही गट सारखेच. स्मरणशक्तीचे बरेच दाखले उंदरांवरच्या प्रयोगांचे आहेत. ऑस्ट्रेलियात जादा वजनाच्या मध्यमवयीन आणि वृद्ध माणसांना 12 आठवडे बदाम दिले तेव्हा आकलनशक्तीत फरक दिसला नाही. भिजवल्याने फायटेट (खनिजं शोषू न देणारा घटक) जाऊन खनिजं जास्त मिळतात, हेही 2020 च्या मोजमापात टिकलं नाही. मऊ आवडत असतील तर खुशाल भिजवा.

यातल्या अनेक चाचण्यांना कॅलिफोर्नियाच्या बदाम मंडळाचा पैसा आहे. त्यामुळे आकडे खोटे ठरत नाहीत, पण तुलनेला बहुतेकदा मफिन असतो, अक्रोड किंवा शेंगदाणे क्वचितच, हे लक्षात घ्या.

रोज 30 ते 45 ग्रॅम पुरेत. 28 ग्रॅममध्ये साधारण 23 बदाम येतात, पण आकार बदलतो, म्हणून एकदा तोलून बघा. बिनमिठाचे, सालीसकट घ्या. साल काढली की तिच्यातली पॉलिफेनॉल (वनस्पतींमधली अँटिऑक्सिडंट द्रव्यं) जातात. नेहमीच्या खाण्यावर वरून बदाम खाल्ले तर कॅलरी वाढतील आणि एलडीएलवरचा परिणामही कमी दिसेल, तेव्हा तेवढी बिस्किटं किंवा तळलेलं खाणं ताटातून काढा. कडू बदाम खाऊ नका, त्यांतून सायनाइड तयार होतं. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खा बदाम देऊ नका, तो घशात अडकू शकतो.