ओटीपोटाचं जुनं दुखणं: रिलॅक्सेशनने फरक पडतोय हे कसं ओळखायचं?

ताई, वर्षभरापासून ओटीपोटात आणि माकडहाडाजवळ दुखतंय, सोनोग्राफी आणि लघवीचे रिपोर्ट नॉर्मल आलेत आणि डॉक्टरांनी 'रिलॅक्सेशन करा' म्हणून सोडून दिलं, असं तुम्ही लिहिलंय. हा खरंच इलाज आहे की बोळवण, आणि श्वसन, योगनिद्रा वगैरेंतून काय निवडावं, हा तुमचा प्रश्न. मी नागपुरातच फिजिओथेरपी करते. अशा दुखण्याच्या पुष्कळ बायका माझ्याकडे येतात, पुरुषही येतात.

रिपोर्ट नॉर्मल म्हणजे दुखणं मनाचं, असं कुणी म्हणत असेल तर ऐकू नका. साध्या सोनोग्राफीत पेल्विक फ्लोअरच्या, म्हणजे ओटीपोटाच्या तळाशी असलेल्या स्नायूंचा ताण कळत नाही, एंडोमेट्रिओसिसचे (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढण्याच्या आजाराचे) बारीक डागही बरेचदा सुटतात. दुखणं लांबलं की तो भाग सतत आवळलेला राहतो आणि नसा जास्तच संवेदनशील होतात. रिलॅक्सेशन काम करतं ते या आवळण्यावर. मूळ आजार असेल तर तो त्याने जात नाही.

टेबलावर झोपवून मी 'पोट सैल सोडा' म्हणते, तेव्हा बाई मनापासून सांगते, 'सोडलंच आहे ना.' इकडे पोट आत ओढलेलं, दात दाबलेले, पायाची बोटं वळलेली. म्हणून माझी सुरुवात योगनिद्रेने नसते. तिने झोप छान लागते, पण नेमका तो भाग सोडायचा कसा, हे कळेलच असं नाही. आधी श्वास. उताणं झोपून पोटऱ्या खुर्चीवर ठेवा. श्वास आत घेताना डायफ्रॅम, म्हणजे छाती आणि पोटामधला स्नायूचा पडदा, खाली येतो आणि पेल्विक फ्लोअरही थोडा खाली उतरतो. लघवी सुरू होताना आत जे सुटतं, तेच जाणवायला हवं. जोर लावून खाली ढकलायचं मात्र नाही.

एडमंड जेकबसन या अमेरिकन डॉक्टरांची स्नायू आवळून सोडायची पद्धतही चांगली आहे. ती हात, खांदे, जबड्यासाठी करा, ओटीपोटाखालचा भाग आवळू नका. त्याच कारणासाठी यूट्यूबवरचे केगल, म्हणजे पेल्विक फ्लोअर आवळायचे व्यायाम, सध्या नकोत. ते सैल पडलेल्या स्नायूंसाठी असतात, आधीच आवळलेल्या भागात दुखणं वाढवू शकतात. रामनगरच्या जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळात किंवा घराजवळच्या कुठल्याही वर्गात जात असाल तर शवासन जरूर करा, पण मूलबंध आणि अश्विनी मुद्रा सध्या करणार नाही, हे शिक्षकांना आधीच सांगा, त्यांतही तोच भाग आवळायचा असतो.

आता पारख. यात गफलत होते ती पाळीमुळे. दुखणं पाळीबरोबर वरखाली होत असेल आणि सगळ्यात वाईट आठवड्यात श्वसन सुरू केलं, तर पुढच्या आठवड्यात आपोआप झालेला उतारही श्वसनाच्या खात्यात जमा होतो. म्हणून एका पाळीपासून पुढच्या पाळीपर्यंत काहीच नवीन न करता नुसती वहीत नोंद ठेवा: रोज रात्री झोपण्याआधी 0 ते 10 मध्ये दुखणं किती, गोळी घेतली का, आणि तुमची ठरलेली दोन-तीन कामं जमली का. स्कूटीवर मानेवाड्याहून बर्डीपर्यंत जाता आलं का, ऑफिसात सलग तासभर बसवलं का, अशी. मग एकच पद्धत दोन पाळ्या रोज करा आणि पाळीचे तेच ते दिवस एकमेकांशी ताडून पाहा. सत्र संपल्याबरोबर आकडा लिहू नका, तेव्हा सगळ्यांनाच बरं वाटतं.

दोन अंकांची किंवा साधारण 30 टक्के घट दुखण्याच्या अभ्यासांत अर्थपूर्ण धरतात. आकडा तोच राहिला पण गोळ्या कमी झाल्या आणि बर्डी गाठता आली, तर मी तो फायदाच धरते. आपल्याकडच्या मे महिन्यात पाणी कमी पडलं की लघवी जळजळते, संडासला कडक होते आणि दुखणं त्यानेही वाढतं. तेही वहीत लिहा, नाहीतर दोष उगाच पद्धतीवर येईल.

दोन पाळ्यांनंतर काहीच फरक नसेल तर पद्धत बदला. तुम्ही नीट केलं नाही, असा त्याचा अर्थ मुळीच नाही. डोळे मिटून पडल्यावर जीव घाबरत असेल तर जबरदस्ती नको, डोळे उघडे ठेवून किंवा सावकाश चालताना श्वासाकडे लक्ष द्या.

ताप, लघवीत रक्त, कारण नसताना वजन घटणं किंवा अचानक असह्य कळ असं काही झालं तर वही बाजूला ठेवून लगेच डॉक्टर गाठा. आणि पाळीत, संडासच्या वेळी किंवा संबंधाच्या वेळी जास्त दुखत असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना एंडोमेट्रिओसिसबद्दल स्पष्ट नाव घेऊन विचारा. जाताना ती वही सोबत न्या.