टॉरेंटसाठी व्हीपीएन: जाहिरात सोडा, कंपनीचा इतिहास बघा

प्रश्न थोडक्यात असा होता की घरी जिओचं फायबर आहे, टॉरेंट (लोकांच्या कॉम्प्युटरवरून थेट फाइल घ्यायची-द्यायची पद्धत) वापरायचंय, यूट्यूबवर जो तो वेगळ्याच व्हीपीएनला (तुमचं नेट दुसऱ्याच्या सर्व्हरमधून फिरवून तुमचा खरा पत्ता झाकणारी सेवा) एक नंबर म्हणतो, मग दोन वर्षांचा स्वस्तातला प्लॅन घेऊन टाकू का, आणि इंडियाचा सर्व्हर असलेलाच घ्यायचा का. दोन्हीला माझं उत्तर नाही असंच आहे. का ते जरा सविस्तर लिहितो, कारण हा प्रश्न दर महिन्याला कोणीतरी विचारतंच.

पहिले ते यूट्यूबवाले आणि "टॉप टेन व्हीपीएन" वाल्या साइट. त्यांच्या लिंकवरून तुम्ही प्लॅन घेतला की त्यांना कमिशन मिळतं, आणि दोन-तीन वर्षांच्या प्लॅनवर तगडं मिळतं, म्हणून सगळे तोच घ्या म्हणून मागे लागतात. त्याहून भारी म्हणजे केप नावाची कंपनी. एक्सप्रेसव्हीपीएन, सायबरघोस्ट आणि प्रायव्हेट इंटरनेट ॲक्सेस हे तिन्ही तिचेच, आणि २०२१ मध्ये तिने व्हीपीएनमेंटॉर आणि विझकेस या रिव्ह्यू साइट चालवणारी कंपनीसुद्धा विकत घेतली. म्हणजे परीक्षा देणारा आणि पेपर तपासणारा एकाच घरातले. या केपचं आधीचं नाव क्रॉसरायडर, आणि त्यांचा प्लॅटफॉर्म वापरून लोकांच्या ब्राउझरमध्ये जाहिराती घुसवल्या जायच्या. यावरून त्यांचे आजचे व्हीपीएन वाईट ठरत नाहीत, पण कोणाचं ऐकतोय ते माहीत असावं.

आता "नो लॉग्ज", म्हणजे ग्राहकाच्या वापराच्या नोंदी ठेवत नाही हा दावा. हे शब्द प्रत्येकाच्या वेबसाइटवर असतात, फुकटवाल्यांच्याही, त्यामुळे त्यांना तसा काही अर्थ उरलेला नाही. मी बघतो ते एकच, पोलीस किंवा कोर्ट खरंच दारात आलं तेव्हा त्या कंपनीकडून काय निघालं. आयपीव्हॅनिश नो लॉग्ज म्हणायचे आणि २०१६ मध्ये अमेरिकेच्या होमलँड सिक्युरिटीला त्यांनी एका ग्राहकाची माहिती काढून दिली, हे बाहेर आलं २०१८ ला कोर्टाच्या कागदांतून (मालक तोवर बदलले होते, ते असो). प्युअरव्हीपीएनच्या नोंदी २०१७ मध्ये एफबीआयला एका सायबरस्टॉकिंगच्या केसमध्ये उपयोगी पडल्या. आता तो माणूस पकडला गेला ते चांगलंच झालं, त्याबद्दल वाद नाही, पण नोंदी ठेवत नाही असं सांगणाऱ्याकडे नोंदी होत्या हे त्यातून कळलं ना.

उलट बाजूला मुलवाड. २०२३ च्या एप्रिलमध्ये स्वीडिश पोलीस सर्च वॉरंट घेऊन त्यांच्या गोथेनबर्गच्या ऑफिसात गेले आणि रिकाम्या हाताने परत आले, कारण ग्राहकांचा डेटा ठेवलेलाच नव्हता. तिथे अकाउंट काढताना ईमेलसुद्धा मागत नाहीत, एक नंबर देतात आणि महिन्याला ५ युरो, बास. प्रायव्हेट इंटरनेट ॲक्सेसकडेही अमेरिकेत २०१६ आणि २०१८ च्या खटल्यांत माहिती मागितली गेली आणि कामाचं काही मिळालं नाही, पण ते केपने विकत घ्यायच्या आधीचं, २०१९ ला त्यांनी घेतलं. ऑडिट रिपोर्टही बघावेत, पण ऑडिट म्हणजे त्या आठवड्यात काय दिसलं तेवढंच.

इंडिया सर्व्हरचा हट्ट सोडा. २८ एप्रिल २०२२ ला सर्ट-इनने (सरकारची सायबर सुरक्षा संस्था) नियम काढला की व्हीपीएनवाल्यांनी ग्राहकाचं नाव, पत्ता, फोन, ईमेल, दिलेला आयपी (इंटरनेटवरचा पत्ता), कशासाठी घेतलं, हे सगळं किमान ५ वर्षं ठेवायचं, ग्राहक सोडून गेला तरी. म्हणून एक्सप्रेस, नॉर्ड, सर्फशार्क, प्रोटॉन सगळ्यांनी त्याच वर्षी इथले सर्व्हर काढून घेतले. आता ॲपमध्ये "इंडिया" दिसतं ते व्हर्च्युअल असू शकतं, म्हणजे मशीन सिंगापूरसारख्या ठिकाणी आणि आयपी भारताचा. टॉरेंटला त्याचा काही उपयोग नाही. गेमिंग असेल तर पिंग (सर्व्हरकडून उत्तर यायला लागणारा वेळ) महत्त्वाचा, टॉरेंटला सर्व्हर नेदरलँड्सला असला काय नि सिंगापूरला असला काय, बँडविड्थ मिळाली की झालं. अमेरिकेचे सर्व्हर मात्र टाळा. तिथे फिल्म कंपन्यांनी व्हीपीएनवाल्यांवर केसेस टाकल्या, आणि टॉरगार्डने २०२२ मध्ये तडजोड करून अमेरिकेतल्या सर्व्हरवर बिटटोरेंट (म्हणजे टॉरेंटच) ब्लॉक करायचं कबूल केलं.

पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरच्यांना तुमच्यापर्यंत यायला एक दार, म्हणजे पोर्ट, उघडं ठेवणं) हा मुद्दा कुठल्याच जाहिरातीत नसतो आणि आपल्याकडे तोच जास्त लागतो. जिओ आणि बऱ्याच केबलवाल्यांकडे एका पब्लिक आयपीमागे ढीगभर घरं असतात, सीजीनॅट म्हणतात ते, त्यामुळे बाहेरचा पीअर (टॉरेंटवरचा दुसरा माणूस) तुमच्यापर्यंत पोचूच शकत नाही, तुम्हीच ज्याच्याकडे जाता येईल त्याच्याकडे जायचं. लोकप्रिय फाइल असेल तर काही फरक पडत नाही, पण जुनी, तीनच सीडर (पूर्ण फाइल असलेले आणि ती पुढे देणारे) असलेली फाइल असेल किंवा तुम्हाला नीट सीड करून रेशो (किती घेतलं आणि किती दिलं त्याचं प्रमाण) सांभाळायचा असेल तर मग रखडता. व्हीपीएनमध्ये उघडा पोर्ट मिळाला तर हे सुटतं. मुलवाडने ही सोय १ जुलै २०२३ पासून बंद केली, लोक त्यावरून नको ते होस्ट करायला लागले आणि आयपी ब्लॅकलिस्ट व्हायला लागले म्हणून. नॉर्ड आणि सर्फशार्ककडे नाही. प्रोटॉनच्या पेड प्लॅनमध्ये आहे, पण पुन्हा कनेक्ट केलं की पोर्ट नंबर बदलू शकतो आणि तो क्लायंटमध्ये (टॉरेंटच्या ॲपमध्ये) परत टाकावा लागतो, कटकट आहे. एअरव्हीपीएन इटलीचं, वेबसाइट बघून वाटेल २००५ सालात आलो, पण पोर्ट एकदा घेतला की तोच राहतो.

म्हणून माझं मत विचाराल तर, सीडिंग करायचं असेल आणि सेटिंगमध्ये हात घालायची तयारी असेल तर एअरव्हीपीएन, सोपं ॲप पाहिजे तर प्रोटॉन पेड (फ्रीवर टॉरेंट चालत नाही, तेव्हा ते ट्राय करून "स्पीडच नाही" म्हणून इथे येऊ नका), आणि फक्त अधूनमधून डाउनलोड करायचं तर मुलवाड. कुठलंही घेतलं तरी आधी एकच महिना घ्या, रात्री नऊ-दहाला जेव्हा अख्खी सोसायटी नेटवर असते तेव्हा तपासा, मग पुढचं. पूर्ण फुकटवाल्यांबद्दल एवढंच सांगतो की २०१५ मध्ये होला नावाची फ्री सर्व्हिस आपल्याच युजरची लाइन दुसऱ्यांना विकताना सापडली होती, म्हणजे कोणीतरी भलताच तुमच्या आयपीवरून काहीही करणार.

आणि खरं सांगू का, लोकांचा आयपी बाहेर पडतो तो बहुतेक वेळा स्वतःच्या सेटिंगमुळे. किल स्विच (व्हीपीएन पडला की नेट तोडणारं सेटिंग) चालू ठेवाच, पण फक्त त्यावर विसंबू नका. क्यूबिटटोरेंट वापरा, त्यात ऑप्शन्समध्ये ॲडव्हान्स्डमध्ये नेटवर्क इंटरफेस असं आहे, तिथे "एनी" असतं ते काढून व्हीपीएनचा इंटरफेस निवडा आणि क्लायंट बंद करून चालू करा. आता व्हीपीएन पडला तर टॉरेंट तिथेच थांबतं, घरच्या लाइनवर जायला त्याला वाटच नसते. नंतर मुद्दाम डाउनलोड चालू असताना व्हीपीएन बंद करून बघा, स्पीड शून्यावर आला पाहिजे. मग आयपीलीक डॉट नेटवर टॉरेंट तपासायची मॅग्नेट लिंक मिळते ती क्लायंटमध्ये टाका, पीअर्सना तुमचा कुठला आयपी दिसतोय ते तिथे येतं. जिओवाल्यांनी हे नक्की करायचं, कारण जिओ आयपीव्ही६ (नव्या प्रकारचा आयपी) देतं आणि व्हीपीएन फक्त आयपीव्ही४ झाकत असेल तर तुमचा खरा आयपीव्ही६ पत्ता सगळ्या स्वॉर्मला (ती फाइल घेणाऱ्या-देणाऱ्या सगळ्यांना) दिसत बसतो. व्हीपीएनच्या ॲपमध्ये प्रोटोकॉल वायरगार्ड ठेवा, वेगात फरक पडतो.

कायद्याचं विचारलं नव्हतं तरी सांगतो. व्हीपीएनने कॉपीराइट कायदा बदलत नाही. लिनक्सचे आयएसओ (इन्स्टॉल करायच्या फाइल), इंटरनेट आर्काइव्हवरचे कॉपीराइट संपलेले जुने सिनेमे हे बिनधास्त, बाकीचं तुमचं तुम्ही ठरवा. २०१६ मध्ये ब्लॉक केलेल्या साइटवर "ही यूआरएल बघितली तर ३ वर्षं तुरुंग" टाइप मेसेज यायचा तेव्हा मुंबई हायकोर्टाने स्पष्ट केलं होतं की नुसतं बघणं गुन्हा नाही, परवानगीशिवाय वाटप करणं वगैरे गुन्हा आहे. पण टॉरेंटमध्ये डाउनलोड करतानाच तुम्ही तुकडे पुढे वाटत असता, हे लक्षात घ्या. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ मध्ये ६ महिने ते ३ वर्षं आणि ५० हजार ते २ लाख दंड आहे. आपल्याकडे घरी डाउनलोड करणाऱ्याला सहसा कोणी नोटीस पाठवत नाही, म्हणून लोक निवांत असतात, आणि तीच सवय घेऊन पोरं एमएसला जर्मनीला जातात. तिथे वकिलांच्या फर्म स्वॉर्ममध्ये बसूनच आयपी गोळा करतात आणि ज्याच्या नावावर कनेक्शन आहे त्याला शेकडो युरोंचं पत्र येतं, अबमानुंग म्हणतात त्याला. शेअरिंगच्या फ्लॅटमध्ये ते पत्र बिचाऱ्या रूममेटच्या नावाने येतं.

फोनवर करायचं असेल तर अँड्रॉइडच्या व्हीपीएन सेटिंगमध्ये "ऑलवेज ऑन" आणि खालचं "व्हीपीएनशिवाय कनेक्शन ब्लॉक करा" दोन्ही चालू करा. राउटरवरच टाकायचं म्हणत असाल तर आधी मॉडेल कुठलं ते लिहा, कंपनीने दिलेल्या राउटरवर बहुतेक जमणार नाही.